नॉलेज बेसमधल्या लेखांची यादी: आरएसएस फीड की एपीआय?

ऑफिसच्या पोर्टलवर नॉलेज बेसमधले (म्हणजे संस्थेच्या माहितीलेखांच्या संग्रहातले) नवे लेख आपोआप दिसावेत, एवढीच मागणी असते. हाताने लिंका चिकटवायचा मार्ग मी धरतच नाही, ती यादी बघता बघता शिळी होते. उरले दोन: आरएसएस फीड (साइट स्वतःच देते ती ताज्या लेखांची, प्रोग्रामला वाचता येणारी यादी) आणि एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे हवी ती माहिती मागायची सोय). आमच्या दादरच्या पतसंस्थेत दोन्ही वापरून झाले.

मुलुंडपासून दहिसरपर्यंत आमच्या शाखा आहेत. ठेवींचे नियम, केवायसीची कागदपत्रं, पावसात लोकल बंद पडल्या तर हजेरीचं काय, हे सगळं नॉलेज बेसमध्ये आहे. पण समोर रांग असताना काउंटरवरच्या माणसाला तिथे जाऊन शोधायला सवड नसते. लॉगिन केल्या केल्या ताजे लेख समोर दिसले, तरच ते वाचले जातात.

एपीआयची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. विषयवार गाळणी, शोध, बदलाच्या तारखेनुसार क्रम, सगळं मागता येतं. साइट चालवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचंच घ्या: त्याचं रेस्ट एपीआय एका वेळी १०० लेखांपर्यंत देतं, फीडमध्ये मुळात शेवटचे १० असतात. सेटिंगमधून आकडा वाढवता येतो, पण नवे लेख आले की जुने फीडबाहेर जातात ते जातातच. संपूर्ण अनुक्रमणिका मांडायची असेल तर एपीआयच घ्या.

तरी आम्ही फीडवर आलो, ते ‘की’मुळे, म्हणजे एपीआय वापरायला लागणाऱ्या गुप्त संकेतामुळे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एपीआयची की एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरच निघते. ज्यांच्या खात्यावर ती होती ते नोकरी सोडून गेले, नियमाप्रमाणे खातं बंद झालं आणि कीही गेली. पोर्टलवर चूक दाखवणारा संदेश आला नाही, फक्त यादीची चौकट रिकामी झाली. शाखांना वाटलं, नवीन काही आलेलं नाही. नेमका त्याच काळात केवायसीचा अर्ज बदलला होता. काउंटरवर जुनाच अर्ज भरून घेतला गेला आणि कितीतरी सभासदांना पुन्हा बोलवावं लागलं. वयस्कर माणसं भर पावसात एका सहीसाठी परत आली, ते मला अजून खुपतं. नवीन की मिळाली, पण तीही कुणाच्या तरी खात्यावरच आणि मुदतीची.

आमच्या फीडला की लागत नाही. शंका आली तर पत्ता ब्राउझरमध्ये टाकून कुणीही बघू शकतं, त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही. अर्थात लॉगिनमागचे लेख अशा उघड्या फीडमध्ये येत नाहीत. आमचे लेख कार्यपद्धतीचे, त्यात सभासदांची माहिती नसते, म्हणून आम्हाला चाललं. तुमचे गोपनीय असतील तर गणित वेगळं.

फीडची खरी उणीव दुरुस्त्यांमध्ये आहे. नॉलेज बेसमध्ये नवे लेख थोडे आणि जुन्यांत बदल जास्त. २००२ च्या आरएसएस २.० मध्ये लेखाला प्रकाशनाची तारीख असते, बदलाच्या तारखेला वेगळी जागा नाही. २००५ च्या ॲटम या फीडच्या दुसऱ्या प्रकारात मात्र प्रत्येक नोंदीला बदलाची वेळ द्यावीच लागते. सॉफ्टवेअर दोन्ही देत असेल तर ॲटम घ्या, आम्ही तेच घेतलं.

२०१३ साली गूगल रीडर ही फीड वाचायची सेवा बंद झाल्यापासून ‘आरएसएस संपलं’ असं ऐकू येतं. बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएसवरूनच पोचतात, त्यामुळे या कारणाने मी तरी अडलो नाही.

फीड घ्यायचं ठरलं तर ते वापरणाऱ्याच्या ब्राउझरमधून ओढू नका. पोर्टल आणि नॉलेज बेसचं डोमेन (साइटचा पत्ता) वेगळं असेल तर ब्राउझर बहुधा अडवतो. पोर्टलच्या सर्व्हरने ठरावीक वेळाने आणावं आणि शेवटची चांगली प्रत जपून ठेवावी, म्हणजे नॉलेज बेस बंद पडला तरी यादी टिकते. एपीआयलाही हे करता येतं, पण फीडसाठी आमचं काम थोडक्या ओळींत झालं. वेळ जीएमटीमध्ये येत असेल तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर पहाटे टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख दिसते. आणि एखाद्या लेखाचं शीर्षक बदलून बघा. त्याची ओळख (आयडी) फीडमध्ये तीच राहायला हवी. ती बदलत असेल तर तोच लेख यादीत दोनदा येईल, आणि तेवढ्यापुरतं मीही एपीआयकडे झुकेन.