पूर्व भागातील लसीकरण केंद्र: सिस्टरांचे बोलणे उत्तम, भिंतीवरचा फलक घातक

भाचीच्या बाळाला साडेतीन महिन्यांची लस देण्यासाठी सोलापूरच्या पूर्व भागातील एका नागरी आरोग्य केंद्रात गेलो होतो. लस मोफत, साठा पुरेसा आणि रांगही सरकती. त्यामुळे परीक्षण करायचे ते तिथे लोकांशी काय आणि कसे बोलले जाते याचेच.

कोणती लस दिली, त्रास काय होऊ शकतो, पुढची लस कधी आणि कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी पालकांना सांगाव्यात असे कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातच ठरलेले आहे. माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी शेवटचीच तेवढी कानावर पडते. येथील सिस्टर मात्र विड्या वळणाऱ्या एका आईशी मराठीतून सरळ तेलुगूत शिरल्या. मांडीला सूज आणि रात्री ताप येऊ शकतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो, हे सांगून त्यांनी पॅरासिटामॉल किती द्यायचे ते ड्रॉपरवर बोट ठेवून दाखवले. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या घरात बाळ रात्रभर रडले, की दुसऱ्या दिवशीची कमाई बुडते. तापाची आगाऊ कल्पना नसलेली आई पुढच्या लशीला टाळाटाळ करते, आणि आपण तिला अडाणी ठरवून मोकळे होतो.

भिंतीवरचा फलक मात्र काढावा. त्यावर गोवराने अंग भरलेल्या मुलाचे छायाचित्र आहे आणि खाली सगळ्या अफवा ठळक अक्षरांत छापून ‘विश्वास ठेवू नका’ असे बजावले आहे. अमेरिकेत 1,759 पालकांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कोणत्याही संदेशाने लस देण्याची तयारी वाढली नाही. आजारी मुलांची छायाचित्रे पाहिलेल्यांत तर लशीमुळे ऑटिझम होतो हा गैरसमज उलट बळावला. त्या जागी तेलुगू आणि कन्नडमध्ये लशींचे वेळापत्रक लावले तर निदान उपयोग होईल.

आदल्या दिवशी आशाताईंचा फोन येतो: “ताई, बाळाची लस उद्यासाठी राखून ठेवली आहे, या.” फ्लूच्या लशीबाबत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात नेमका ‘तुमच्यासाठी राखून ठेवली आहे’ असाच संदेश सर्वांत प्रभावी ठरला होता. आशाताईंनी तो वाचला असण्याची शक्यता कमीच.

लशीनंतर अर्धा तास थांबायला सांगतात, पण बाकडी अपुरी असल्याने अनेकजणी निघून जातात. गोवर-रुबेलाच्या लशीला आम्ही इथेच येणार आहोत, फक्त सकाळी लवकर.