कोळसा की गहू?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा चित्रकार प्रभाकर पाचपुते कोळशानं भिंतभर माणसं काढतो. कुणाच्या धडावर डोक्याऐवजी अवजारच. खाणीनं जमीन खाल्ली की शेतकऱ्याच्या अंगाचं काय होतं, ते विदर्भात कुणाला समजवावं लागत नाही.

अमेरिकी कलाकार अ‍ॅग्नेस डेनेसनं १९८२ साली मॅनहॅटनमध्ये, वॉल स्ट्रीटजवळच्या भरावावर, दोन एकर गहू पेरला आणि कापलाही. चित्र नाही, पीकच!

नागपुरात यातलं एकच करायचं तर, भिंतीवरचं चित्र की शेत? भिंत सोपी, मे महिन्यातही टिकते. तरी मी शेताकडे झुकेन. फक्त गव्हाऐवजी ज्वारी, तीही घरच्या बियाण्याची. संकरित कपाशीचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कणगीतली ज्वारी पुन्हा पेरता येते.