लॅमिंग्टन रोडचं जिन्याखालचं दुकान आणि माझी ‘अनयूजेबल’ ६० जीबी

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

दुकान लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा, तो मागे वळून तुमच्याकडेच बघेल. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली सहा-सात फुटांची जागा, वर पाटी अजून रेडिओ दुरुस्तीची. नाव-नंबर टाकू नका असं मालकांनी मला बजावून सांगितलंय, फुकटचा सल्ला विचारणारे आधीच फार आहेत म्हणाले. तेव्हा त्यांना मी इथे नुसतं दादा म्हणते.

मी लालबागला राहते, घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका आणि दोन दिवाळी अंक. अजून पेजमेकर ७ वापरते. हसा खुशाल. २००१ सालचं सॉफ्टवेअर आहे, पण माझ्या गिऱ्हाइकांचा वीस वर्षांचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये अडकलाय, आणि ते फॉन्ट ज्यातून चालतात ते सॉफ्टवेअर मागे डोंगल (परवान्याची चावी) खोचल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे विंडोज सुटत नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. माझं मशीन २०१३चं, असेंबल करून घेतलेलं. विंडोज ११ला लागतो तो प्रोसेसर त्यात नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. म्हणून ठरवलं की दिवाळी अंक छापायला गेले की त्याच मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. बँक, मेल, जीएसटी सगळं मिंटवर, आणि विंडोजचं नेट कायमचं बंद करून त्यात फक्त पेजमेकर.

भाच्याने मिंटचा पेन ड्राइव्ह बनवून दिला. मिंटला जागा काढायला मी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्ह आकसायला गेले. सीवर ९० जीबी मोकळे दिसत होते, पण विंडोज म्हणे ११च देईन. (हलवता न येणाऱ्या फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल वगैरे. त्यांच्या अलीकडे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, आकसत नाही, मोकळी जागा कितीही असो.) मग डीवरून ६० जीबी काढले. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’वर गेले, तर त्या ६० जीबीसमोर लिहिलेलं: अनयूजेबल.

जागा माझी, डिस्क माझी, आणि वापरता येत नाही!

कारण मला नंतर कळलं. डिस्कच्या भागांची नोंद पार्टिशन टेबलात असते. त्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, फक्त चार प्रायमरी (मुख्य) पार्टिशनांची सोय असते. १९८३ साली कुणीतरी चार खण पाडले, ते चारच राहिले. माझं मशीन ज्याने जोडलं त्याने विंडोजच्या सेटअपमध्येच चारही खण भरून टाकले होते: १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्ह्ड, मग सी, डी आणि ई. पाचव्याला दारच नाही. जागा मोकळी असली तरी तिची नोंद करायला ओळ शिल्लक नाही.

हे तेव्हा माहीत असतं तर मी पुढचा उद्योग केला नसता. मला वाटलं, लिनक्सला जमत नसेल तर विंडोजमधूनच त्या जागेचं पार्टिशन करून देऊ. राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट, नेक्स्ट. शेवटी एक इशारा आला, ही डिस्क डायनॅमिक होईल असं काहीतरी. डायनॅमिक म्हटल्यावर वाईट काय असणार? ‘येस’ दाबलं. निळ्या पट्ट्या सगळ्या एकदम शेवाळी झाल्या. विंडोज नेहमीसारखं चालत होतं, एफ नावाचा नवा ड्राइव्हही आला. पण डायनॅमिक म्हणजे पार्टिशनांची विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीची नोंद; मिंटच्या इन्स्टॉलरला त्यानंतर या मशीनवर विंडोज आहे हेच दिसेना. तो सरळ पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय पुढे करत होता. त्या डिस्कवर दोन दिवाळी अंकांच्या ओपन, म्हणजे पुन्हा बदल करता येणाऱ्या, फायली होत्या. बॅकअप? होता. मार्चमधला.

घराजवळच्या एका दुकानात मशीन दाखवलं. तिथल्या मुलाने स्क्रीनकडे दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, ‘फॉर्मॅटच मारावं लागेल मॅडम, डेटाची गॅरंटी नाही.’ डेटा काढून द्यायचा आकडा वेगळा सांगितला, तो इथे लिहीत नाही, मला परत ॲसिडिटी होईल.

मग लॅमिंग्टन रोड. कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून काळीपिवळीत मांडीवर घेऊन बसले. लालबागची असल्यामुळे असं काहीतरी मांडीवर घेऊन टॅक्सीतून जायची सवय आहे, फक्त या वेळी ढोल नव्हता.

दादांनी आधी मशीन चालूच केलं नाही. मला स्टुलावर बसवलं (स्टूल एकच आहे, आपण बसलो की ते उभे) आणि विचारलं, ‘ताई, काय-काय दाबलंत ते क्रमाने सांगा. लाजू नका.’ मी सांगत गेले, ते पाठकोऱ्या कागदावर आडवा पट्टा काढून त्यात रेघा मारत गेले. सिस्टिम, सी, डी, मग माझे ६० जीबी, मग ई. डायनॅमिकचं सांगितलं तेव्हा मान वर न करता म्हणाले, ‘हं. त्यानंतर काही फॉर्मॅट केलंत?’ फक्त ते नवं एफ, असं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘मग काही गेलेलं नाही. नकाशा बदललाय, घरं आहेत तिथेच आहेत.’

पण हात लावायच्या आधी कॉपी, ही त्यांची अट. तीही फायलींची नाही, अख्ख्या डिस्कची, सेक्टर न् सेक्टर. त्यासाठी नवी एसएसडी मला समोरच्या दुकानातून आणायला लावली, कारण ते स्वतः माल विकत नाहीत. ९६० जीबीची स्वस्त मिळत होती. दादा ओरडले, ‘९६० नको! पूर्ण १ टीबी आणा. एक सेक्टर कमी पडला तरी शेपूट कापलं जाईल.’ तुमची हार्ड डिस्क १ टीबीची असेल तर हे लक्षात ठेवा. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते म्हणून ९६० पुरेल असं वाटतं. नाही पुरत. ते ९३१ वेगळ्या मापाने मोजलेले असतात, आणि त्याच मापाने ९६०चे ८९४ होतात.

कॉपी व्हायला पावणेचार तास लागले. मी मधल्या वेळात बाहेर जाऊन वडापाव खाऊन आले, पण खरं सांगायचं तर तिथेच उभं राहणं जास्त मजेचं होतं. एक कॉलेजचा मुलगा कोरा लॅपटॉप घेऊन आला. त्याचं दुखणं माझ्या उलट: इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही, फक्त पेन ड्राइव्ह दिसतो. दादांनी बायोस (मशीन चालू होतानाची मूळ सेटिंगं) न उघडताच विचारलं, ‘रिकव्हरी की आहे?’ मुलाला कसली की ते माहीत नव्हतं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेली असते, आणि बायोसमध्ये काही हलवलं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी की मागून बसतं. नसेल तर दार बंद. त्याला समोर बसवून, मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करायला लावून, ती की वहीत हाताने लिहून घेतली. मोबाइलमध्ये फोटो नको, वहीतच. मग विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल अशी सोय केली, इन्स्टॉलरला डिस्क दिसावी म्हणून बायोसमध्ये स्टोरेजचा मोड, म्हणजे मशीनने डिस्कशी बोलायची पद्धत, रेडवरून (RAID) एएचसीआय केला, एकदा सेफ मोडमध्ये नेऊन आणलं, आणि पुन्हा नेहमीसारखं चालू केलं. हा क्रम चुकवून कुणी थेट बायोसमध्ये मोड बदलला तर विंडोज निळा पडदा टाकून मोकळं होतं. मुलाचं काम पाऊण तासात झालं. माझी पट्टी तेव्हा ३१ टक्क्यांवर होती.

आता मूळ इलाज. कॉपी झाल्यावर माझी जुनी डिस्क त्यांनी काढून पिशवीत घातली आणि सगळं काम एसएसडीवरच्या प्रतीवर केलं. टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्राम आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही. त्याने डिस्क चाळून जुन्या पार्टिशनांच्या सुरुवाती शोधून काढल्या. यादी समोर आली: सिस्टिम, सी, डी, माझं एफ, ई. एफ त्यांनी यादीतून वगळलं. आणि मग ईवर जाऊन बाणाचं बटण दाबलं, तसा त्याच्यापुढच्या ‘पी’चा ‘एल’ झाला.

एवढंच. प्रायमरीचं लॉजिकल, म्हणजे स्वतंत्र खणाऐवजी एका मोठ्या खणाच्या पोटातला कप्पा; तो मोठा खण म्हणजे एक्स्टेंडेड. ईच्या अलीकडे माझे मोकळे ६० जीबी होते म्हणून एक्स्टेंडेड पार्टिशनची नोंद लिहायला जागा मिळाली. ईमधली एक फाइलसुद्धा हलवावी लागली नाही. नवं टेबल लिहिलं, मग जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्राममध्ये एक्स्टेंडेडची डावी कड ओढून ६० जीबी आत घेतले. त्याला सेकंदही लागले नाहीत, कारण त्यात डेटा हलत नाही, फक्त नोंद बदलते. तीन प्रायमरी, एक एक्स्टेंडेड, आणि एक्स्टेंडेडच्या पोटात हवी तितकी लॉजिकल. लिनक्सला लॉजिकलवर राहायचा कमीपणा वाटत नाही.

विंडोज चालू केलं. सी, डी, ई, अक्षरंही तीच. डोंगल लावून पेजमेकर उघडला, अंकाचं पान उघडलं, ‘क्ष’ जागेवर होता. त्या क्षणी मी दादांना चहा सांगितला.

भाच्याने मला फोनवर पढवून ठेवलं होतं की जीपीटीच (पार्टिशन टेबलाची नवी पद्धत) करून घे, एमबीआर आता कोण वापरतं. मी तसं विचारलं. दादा म्हणाले, ‘करता येईल. विंडोजचंच त्यासाठी टूल आहे. पण त्याला तीनपेक्षा जास्त प्रायमरी चालत नाहीत, लॉजिकल अजिबात चालत नाही, आणि मग बायोसही यूईएफआयवर, म्हणजे मशीन चालू करायच्या नव्या पद्धतीवर, न्यायला हवं. २ टीबीच्या वरची डिस्क असती तर मीच केलं असतं. तुमची १ टीबीची. कशाला?’ मला हे उत्तर पटलं. मशीन नवं असतं तर भाच्याचं ऐकलं असतं.

मिंट टाकताना आणखी एक चूक सापडली, तीही घरचीच. बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा पुढे यूईएफआय लिहून आणि एकदा नुसता. आम्ही घरी यूईएफआयवाला निवडत होतो, आणि माझं विंडोज जुन्या पद्धतीने बूट होणारं. दोघांची पद्धत एकच हवी, नाहीतर ग्रबच्या (मिंट की विंडोज हे सुरुवातीला विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत विंडोज धड चालत नाही. नुसता निवडला, ग्रब पार्टिशनवर न टाकता डिस्कच्या माथ्यावर टाकला, १५ मिनिटांत मिंट उभं राहिलं. जाता जाता विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की विंडोज नीट बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटला डी-ईवर काही लिहिता येत नाही.

पैसे १,५००, एसएसडी वेगळी. जुनी डिस्क परत देताना तिच्यावर टेप लावून मार्करने लिहिलं, ‘महिनाभर लावू नये’. दोन्ही डिस्क एकत्र जोडल्या तर दोघींची सही (डिस्क ओळखायचा आकडा) एकच निघते आणि विंडोज गोंधळून एकीला बाजूला काढतं.

आता अर्धा गुण. बिल मिळत नाही, मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. फोन दुपारी बारापर्यंत उचलत नाहीत. ६० जीबीत त्यांनी सगळं एकाच पार्टिशनमध्ये टाकलं, होम, म्हणजे माझ्या फायलींचा भाग, वेगळं करून मागितलं तर ‘छोट्या खोलीत भिंत घातलीत तर दोन्हीकडे कोपरं लागतील’ म्हणाले. खोलीबद्दल बरोबर बोलले असतील, पण उद्या मिंट नव्याने टाकायची वेळ आली तर माझ्या फायली मलाच आधी बाहेर काढायच्या आहेत. शिवाय जिन्यावरून कुणी धावत गेलं की डोक्यावर चुना पडतो. एक्स्टर्नल डिस्क नेलीत तर रुमालात गुंडाळून न्या.

आणि एक गोष्ट ते सांगायला विसरले. दुसऱ्या दिवशी जेवण करून एक डुलकी काढून मी विंडोजमध्ये पत्रिकेचं काम करायला बसले. कोपऱ्यातल्या घड्याळात साडेनऊ. म्हटलं, वा, आज सगळा दिवस हातात आहे. दोन पानं लावून झाली तेव्हा खालून शाळेची बस वाजली. तीन वाजून गेले होते. मिंट मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच इथली समजतं, आणि नेट बंद असल्यामुळे दुरुस्त करायला कुणी नाही; फरक बरोबर साडेपाच तासांचा. रात्री दादांना व्हॉट्सॲप केलं. त्यांनी मिंटमध्ये टाकायची एक ओळ पाठवली, आणि पाठोपाठ व्हॉइस मेसेज: ‘ताई, पत्रिकेवरचा मुहूर्त तेवढा तपासून घ्या.’