वाल्की: रेडिसपासून वेगळी मांडलेली चूल, दीड वर्ष वापरल्यावर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, रेडिस म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस, सेशन, ओटीपी, कार्ट असलं सगळं सटासट लागणारं त्यात ठेवतात. साल्वातोरे सानफिलिप्पो नावाच्या इटालियन माणसाने २००९ मध्ये सुरू केलं. वाल्की हा त्याचाच फोर्क, म्हणजे तोच कोड उचलून वेगळ्या नावाने पुढे चालवलेलं प्रोजेक्ट. आमची पुण्यात आठ जणांची टीम आहे, दुसऱ्यांच्या शॉपिंग साइट सांभाळतो, आणि वाल्की प्रॉडक्शनला लावून दीड वर्ष झालं म्हणून हे लिहितोय.

आधी भांडण काय होतं ते. २० मार्च २०२४ ला रेडिस कंपनीने जाहीर केलं की ७.४ व्हर्जनपासून बीएसडी लायसन्स (कोड घ्या, बदला, विका, फारशी अट नाही) बंद, यापुढे आरएसएएल नाहीतर एसएसपीएल ही कडक लायसन्सेस, म्हणजे कोड बघा, वापरा, पण रेडिसचीच सर्व्हिस करून विकायची असेल तर आधी आमच्याशी बोला. कंपनीचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही, मोठे क्लाउडवाले त्यावर बक्कळ कमवत होते आणि त्यातलं कंपनीच्या पदरात काय पडत होतं हा प्रश्न होताच. पण ज्या बीएसडीमुळे कंपनीला पुढचा कोड नव्या लायसन्सखाली टाकता आला, त्याच बीएसडीमुळे बाकीच्यांना ७.२.४ हे जुन्या लायसन्सचं व्हर्जन उचलून चालतं होता आलं. रेडिस हे नाव तेवढं कंपनीचं, ते नेता येत नाही. त्यामुळे बिचाऱ्या फोर्कचं सुरुवातीचं नाव चक्क प्लेसहोल्डरकेव्ही होतं.

त्या आठवड्यात आमच्याकडे एकाला जोश चढला, म्हणे आपणच ७.२.४ चा फोर्क मारून ठेवू, आपल्याला नवीन फीचर लागतातच कुठे. बटण दाबलं, रेपो तयार, दोन सेकंदांचं काम. मग आमच्या सरांनी एवढंच विचारलं की रात्री दोनला सीव्हीई (जाहीर झालेली सिक्युरिटीची चूक) आला तर सी भाषेतला कोड उघडून पॅच कोण मारणार. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले.

खरं सांगायचं तर आम्हाला काहीच बदलायची गरज नव्हती. आम्ही नुसतं कॅश (पटकन लागणाऱ्या डेटाचा तात्पुरता साठा) म्हणून वापरणार, आम्ही कुठे सर्व्हिस विकतोय? नवं लायसन्स आम्हाला शिवतही नव्हतं. पण आमच्या एका क्लायंटच्या सिक्युरिटी फॉर्ममध्ये ओएसआयने (कुठलं लायसन्स ओपन सोर्स ते ठरवणारी संस्था) मान्य केलेलंच लायसन्स हवं अशी एक ओळ आहे, आणि एसएसपीएल त्या यादीत नाही, त्यामुळे आज ना उद्या हलावं लागणारच होतं.

मग बघितलं की माणसं कुठे चाललीत. माझ्या मते फोर्कच्या बाबतीत आधी हेच बघायचं, लोगो आणि जाहीरनामे नंतर. रेडिसच्या पाच जणांच्या कोअर टीममध्ये कंपनीबाहेरचे दोघे होते, अॅमेझॉनच्या मॅडेलिन ओल्सन आणि अलिबाबाचे झाओ झाओ, आणि दोघंही वाल्कीत गेले. २८ मार्चला, म्हणजे आठच दिवसांत, लिनक्स फाउंडेशन या ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या संस्थेने वाल्कीला छत्राखाली घेतलं, मागे अॅमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन, स्नॅप. २०१० ला ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघालं तेव्हाही हेच झालं होतं, कोड लिहिणारे उठून गेले आणि ओरॅकलच्या हातात नाव उरलं. नोड.जेएसमधून फुटून निघालेलं आयओ.जेएस तर २०१५ मध्ये परत घरी आलं, कारण सगळे लिहिणारे तिकडेच जाऊन बसले होते, मग नोड सांभाळणाऱ्या जॉयंट कंपनीलाही जुळवून घ्यावं लागलं.

तर बदली. ७.२ वरून वाल्कीवर जाणं इतकं सोपं की संशय यावा. पोर्ट तोच ६३७९, कमांड त्याच, अॅपमधली एक ओळ बदलली नाही, इन्स्टॉल करताना रेडिस-सीएलआय या जुन्या कमांडच्या नावाची सिमलिंक (शॉर्टकट) सुद्धा तयार होते. घोळ आम्ही घातला तो स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर. तिथे रेडिसच्या कंटेनरला लेटेस्ट टॅग (दर वेळी सगळ्यात नवं व्हर्जन आण) लावून ठेवला होता, कोणाच्या लक्षात नाही आणि ते गुपचूप ७.४ वर गेलेलं. त्याची डंप फाइल वाल्कीला दिली तर त्याने सरळ हात वर केले, आरडीबी (डंप फाइलचा फॉरमॅट) व्हर्जन १२ वाचता येत नाही म्हणाला. ७.२ ची फाइल व्हर्जन ११ ची असते. म्हणजे जुन्या घरातून निघायला उशीर केलात तर सामान दारातून जात नाही. आम्ही मग स्क्रिप्ट लिहून एकेक की, म्हणजे डेटाची एकेक नोंद, वाचून इकडे टाकली, अख्खा शनिवार गेला, वडापाव खाऊन काढला. त्या दिवसापासून लेटेस्ट टॅग लावणाऱ्याने पार्टी द्यायची असा नियम आहे.

दुसरी एक गंमत. इन्फो कमांड मारली की वाल्की स्वतःचं व्हर्जन वेगळ्या ओळीत दाखवतं आणि रेडिस व्हर्जन म्हणून कायम ७.२.४ च सांगतं, जुन्या लायब्ररी बिथरू नयेत म्हणून. हुशारी आहे, पण क्लायंटच्या ऑडिटवाल्या स्कॅनरला काय कळतंय, दर तिमाहीला मेल येतो की तुम्ही जुनं रेडिस चालवताय. उत्तर आता सेव्ह करून ठेवलंय.

स्पीडबद्दल, वाल्की ८.० मध्ये आयओ थ्रेडिंग (एकाच वेळी अनेक कनेक्शनचं वाचन-लेखन) सुधारून सेकंदाला दहा लाखाच्या वर रिक्वेस्ट असं ते सांगतात, आमचा ट्रॅफिक त्याच्या जवळपासही नाही त्यामुळे मी त्यावर मार्क देत नाही. ८.१ मध्ये हॅशटेबल (कीज शोधायचा आतला तक्ता) नव्याने लिहिल्यामुळे प्रत्येक की मागे साधारण २० बाइट वाचतात, आमच्याकडे बारीक बारीक कीज लाखांनी असल्याने ते मात्र ग्राफवर दिसलं. अॅमेझॉनच्या इलास्टिकॅश या तयार क्लाउड सर्व्हिसमध्ये नोड (सर्व्हर) घेतले तर वाल्कीचा रेट रेडिसपेक्षा २० टक्के कमी ठेवलाय, तिथल्या एका क्लायंटने लायसन्सबद्दल एक प्रश्न न विचारता बिल बघून होकार दिला.

कमी काय वाटलं? हॅशमधल्या (एकाच कीखाली अनेक फील्ड ठेवायचा प्रकार) एकेका फील्डला एक्सपायरी लावायची सोय रेडिसला ७.४ मध्येच आली, वाल्कीला ९.० पर्यंत वाट बघावी लागली, तोवर आम्ही जुगाड करून कार्ट चालवली. आणि सर्च, जेएसओएन वगैरे रेडिस ८ मध्ये आतच येतं, इथे वेगळी मॉड्यूल लावत बसा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये लुआमधला (रेडिसच्या आत चालणारी स्क्रिप्टची भाषा) तो १० पैकी १० सिव्हिरिटीचा बग निघाला, तेरा वर्षं जुना, म्हणजे वाटणीच्या आधीचा, त्यामुळे दोन्ही घरांत तेच दुखणं. वाल्कीचा पॅच लगेच आला, आम्ही अपडेट मारलं आणि घरी गेलो. आमचा स्वतःचा फोर्क असता तर त्या रात्री काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

आता मे २०२५ पासून रेडिस ८ एजीपीएलमध्येही (ओएसआयला मान्य, पण बदललेला कोड सर्व्हिस म्हणून चालवला तर तो उघड करायची अट असलेलं लायसन्स) मिळतं, सानफिलिप्पोही परत कंपनीत आलेत, म्हणजे रेडिस पुन्हा ओपन सोर्स. परत जायचं का? टीममध्ये तिघं हो म्हणाले. पण क्लायंटचे वकील एजीपीएल ऐकलं की दचकतात, आणि आम्हाला इथे त्रास काहीच नाही. सर्च आणि व्हेक्टरचं (एआयसाठी साम्य शोधायचं) काम जास्त असेल तर तुम्ही रेडिस ८ बघा, नुसतं कॅश आणि क्यू असेल तर वाल्की डोळे झाकून लावा. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या कार्टच्या जुगाडाचा कापला.

आमचा तो दोन सेकंदांत मारलेला फोर्क अजून तसाच पडलाय. त्यात आमची एकच कमिट (नोंदवलेला बदल) आहे, एप्रिल २०२४ ची, रीडमीमध्ये आमच्या कंपनीचं नाव टाकलंय आणि तेही स्पेलिंग चुकवून.