२८ खणांची गोळ्यांची डबी : जोडीदार गेल्यानंतरच्या घरासाठी

कितीतरी घरांत गोळ्या आजोबांच्या आणि त्यांचा हिशेब आजींच्या डोक्यात असतो. आजी गेल्या की बीपीची गोळी कधी दोनदा घेतली जाते, कधी चार दिवस राहूनच जाते. नेमकं तेव्हाच शरीर हळवं झालेलं असतं. झोप मोडते, भूक मरते, रक्तदाब चढतो. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत ४,४८६ विधुरांपैकी २१३ जण पहिल्या सहा महिन्यांतच गेले. हे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. म्हणून ही साधी प्लॅस्टिकची डबी घ्याच.

सात दिवस, रोज चार खण. दिवसाची पट्टी सुटी निघते ती घ्या. झाकण नखाने उचकटावं लागत असेल तर संधिवाताच्या बोटांना जमत नाही. बटण दाबून उघडणारं बघा. वारांची अक्षरं इंग्रजीत, त्यात दोन टी आणि दोन एस. त्यावर सोम, मंगळ असं मराठीत लिहून चिकटवा.

डबी दर रविवारी डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून भरा. रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रान आणि फिट्सवरची व्हॅल्प्रोएट पाकिटातून काढू नका, दमट हवेत खराब होतात. संधिवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट वेगळी ठेवा. रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

डबीचा खरा दोष मात्र वेगळाच आहे. माणूस जेवला की नाही, हे तिला कळत नाही. एकट्याचं ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो, पण मधुमेहाची ग्लिमेपिराइड वेळेवर पोटात जाते, आणि रक्तातली साखर झपकन उतरते. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. ही गोळी खणात ठेवा, पण घ्यायची पहिल्या घासाबरोबरच. जेवण फारच कमी झालं असेल तर डोस डॉक्टरांना विचारा. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः मेटोप्रोलॉल, एकदम बंद करणंही धोक्याचं.

विसरण्यावर ही डबी उत्तम. पण खण भरलेलेच राहतात आणि ‘आता कशाला घ्यायच्या’ असं उत्तर येतं, तेव्हा डबीचं काम संपलं. झोपेच्या गोळ्या मुलाकडे किंवा सुनेकडे ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.