बर्बरिन घ्यावं की रेस्वेराट्रॉल? शुगर असलेल्यांनी ठरवताना काय बघावं

या दोन्ही सप्लिमेंटच्या बाटल्यांवर "मायटोकॉन्ड्रियासाठी उत्तम" असंच छापलेलं असतं (मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत एनर्जी बनवणारे भाग), पण पेशीत गेल्यावर दोघांचं काम जवळजवळ उलटं चालतं, त्यामुळे नुसतं लेबल वाचून काही ठरवू नका.

आधी चरबीच्या पेशीचं बघू. पांढऱ्या चरबीच्या पेशीत फॅटचा एक मोठा थेंब असतो आणि मायटोकॉन्ड्रिया कडेला, थोडेच, पण फॅट जाळायला तेच लागतात आणि इन्सुलिनला साथ देणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हे हॉर्मोन बनवायलाही. लठ्ठपणा आणि टाइप २ डायबेटिसमध्ये ते कमी होतात, मंदावतात, मग फॅटी अ‍ॅसिड रक्तात सुटून लिव्हर आणि स्नायूंत साठतात आणि तिथे इन्सुलिनचं काही चालत नाही.

रेस्वेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं, हे सर्ट१ आणि पीजीसी-१ अल्फा या पेशीतल्या प्रथिनांमार्फत नवे मायटोकॉन्ड्रिया बनवायला लावतं. २००६ मध्ये उंदरांवर जबरदस्त रिझल्ट आले आणि सगळीकडे गाजावाजा झाला. माणसांत मात्र गाडी अडली. २०१६ मध्ये डायबेटिस असलेल्यांना रोज १५० मिग्रॅ महिनाभर दिलं तर स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया सुधारले, पण इन्सुलिनचा परिणाम होता तेवढाच राहिला! म्हणजे मायटोकॉन्ड्रिया सुधारले म्हणून शुगर उतरेलच असं नाही, आणि जाहिरातीत नेमकं हेच सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

बर्बरिन दारुहळदीतून मिळतं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या कॉम्प्लेक्स १ ला, म्हणजे एनर्जी बनवण्याच्या साखळीतल्या एका टप्प्याला, हलकासा ब्रेक लावतं, पेशीला वाटतं एनर्जी कमी पडली, मग एएमपीके, म्हणजे एनर्जी कमी पडली की जागं होणारं एन्झाइम, चालू होतं आणि ती जास्त ग्लुकोज ओढून घेते. मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीचाही एक रस्ता हाच. २००८ च्या एका स्टडीत नव्याने डायबेटिस निघालेल्या ३६ जणांवर बर्बरिन आणि मेटफॉर्मिनची तुलना केली, ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, तीन महिने, आणि बर्बरिनवाल्यांचं एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) सरासरी ९.५ टक्क्यांवरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या जवळपास. स्टडी छोटा आहे हे खरं, पण इथे निदान माणसांची शुगर उतरलेली दिसते.

हळदीतल्या कर्क्युमिनबद्दलही लोक विचारतात. ते अंगात फार कमी शोषलं जातं आणि शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, म्हणून मी ते यादीत धरत नाही.

मग निवडायचंच तर बर्बरिन, पण ते औषध समजूनच घ्या. पोट बिघडतं, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठता होते, लिव्हरमधून जाणाऱ्या बऱ्याच औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांसोबत शुगर एकदम खाली जाऊ शकते. प्रेग्नन्सीत आणि बाळाला पाजत असताना अजिबात नको. चालू गोळ्यांची पूर्ण लिस्ट डॉक्टरांना दाखवा, त्या स्वतःहून बंद करू नका, सुरू करायच्या आधी एचबीए१सी करून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत करा, आकडा हलला नसेल तर बाटली बंद.