दमलो, झिजलो, विटलो: इंग्रजीत कोणता शब्द घ्यावा?

दादरला संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेते. नोकरी करून येणारी मुलंमुली असतात. त्यातल्या एकीनं सलग दोन आठवडे रात्रपाळी केल्यावर साहेबांकडे रजा मागितली आणि मेलमध्ये लिहिलं, ‘आय ॲम टायर्ड ऑफ नाइट शिफ्ट.’ तिला म्हणायचं होतं की अंगात त्राण उरलेलं नाही. साहेबांनी वाचलं ते असं, की हिला रात्रपाळीचा वीट आलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून विचारलं, नोकरी सोडायचा विचार आहे का? ती रडवेली होऊन वर्गात आली. तेव्हापासून हे शब्द मी घाईत शिकवत नाही.

आधी तिच्याच वाक्याचं पाहू. ‘टायर्ड फ्रॉम’ म्हणजे त्या कामानं दमले, ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे त्या कामाला कंटाळले. एका चिमुकल्या शब्दानं दमणं सोडून तक्रार होते. रजा मागताना ‘फ्रॉम’ घ्या. ‘ऑफ’ लिहायचा असेल तर तसं खरोखरच म्हणायचं आहे ना, हे स्वतःला विचारून लिहा.

बाकीच्या शब्दांसाठी मी मुलांना एक प्रश्न देते: झोप झाली, चार दिवस सुट्टी मिळाली, तर हे भरून येईल का? हा भेद मराठीला चांगला ठाऊक आहे. माणूस दमतो आणि सकाळी उठतो. चप्पल झिजते ती झिजलेलीच राहते. मन विटलं तर झोपेचा काही उपयोग नसतो.

‘एक्झॉस्टेड’ हा शब्द पाणी उपसण्याच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. विहीर उपसून तळ दिसावा, तसा माणूस. विरारहून उभ्यानं चर्चगेट, दिवसभर काम, पुन्हा उभ्यानं विरार, असं झाल्यावर जे होतं ते ‘एक्झॉस्टेड’. पण विहिरीला पाझर असतो, रात्रीतून पाणी चढतं, आणि या शब्दातही ती आशा आहे. साध्या दमण्याला ‘टायर्ड’ पुरे. ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ मात्र लिहू नये, कारण तळ लागल्यावर आणखी खाली काय असणार? ‘कम्प्लीटली एक्झॉस्टेड’ चालतं.

हाच शब्द रजांनाही लागतो. ‘माय कॅज्युअल लीव्ह इज एक्झॉस्टेड’ हे वाक्य बरोबर आहे, रजा खरोखरच संपल्या आहेत. थोडं शिल्लक असेल तर ‘डिप्लीटेड’ घ्या. मे-जून महिन्यात मुंबईकर रोज सकाळी तलावांचा साठा वाचतात. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार, तुळशी या सात तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. त्यातला साठा खाली जातो तेव्हा तो ‘डिप्लीटेड’ असतो. तिथे ‘एक्झॉस्टेड’ लिहिलं तर शहराला प्यायला थेंब नाही असा अर्थ होईल. आणि ‘एक्झॉस्टिव्ह’ला घाबरू नका. ‘एक्झॉस्टिव्ह रिपोर्ट’ म्हणजे विषय तळापर्यंत उपसलेला अहवाल, ती शाबासकी आहे. ‘एक्झॉस्टिंग रिपोर्ट’ म्हणजे वाचणाऱ्याचा पिट्टा पाडणारा.

‘बर्न्ट आउट’ हल्ली फार सैल वापरतात. एका लग्नाच्या धावपळीनंतर, एका परीक्षेनंतर. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्यांना त्या शब्दाची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत तो गुळगुळीत होऊन पोहोचतो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये कामानं जळून गेलेल्या माणसांविषयी लिहिताना हा शब्द रुजवला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिच्या तीन खुणा: शक्ती आटल्याची भावना, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही जाणीव. फक्त पहिली खूण असेल तर ‘एक्झॉस्टेड’ लिहा. तिन्ही असतील तर ‘बर्न्ट आउट’ लिहायला कचरू नका, आणि मेल पाठवण्याआधी डॉक्टरांशीही बोला.

‘वॉर्न आउट’ मूळचा चपलेचा, टायरचा शब्द. वापरून झिजलेला. माणसालाही चालतो, आणि तेव्हा एका दिवसाच्या दमण्यापेक्षा बरेच दिवस चाललेली झीज जास्त दिसते. लहान मुलाची आई, घरातल्या आजारी माणसाचं करणारा मुलगा, यांच्यासाठी मी तोच निवडेन.

‘स्पेंट’चं वेगळं आहे. खर्ची पडलेला. पूर्ण मॅरेथॉन धावून आलेला माणूस ‘आय ॲम स्पेंट’ म्हणतो तेव्हा त्यात समाधानही असतं, होतं नव्हतं ते दिलं. ‘स्पेंट फोर्स’ म्हटलं तर मात्र त्या माणसाचा जोर कायमचा ओसरला. हा दुसरा वापर कुणाविषयी करताना जपून करावा, कारण ‘स्पेंट’ म्हणजे निकामी असंच काही नाही. अणुभट्टीतून वापरून काढलेल्या इंधनाला ‘स्पेंट फ्युएल’ म्हणतात. त्यात बरंच युरेनियम शिल्लक असतं आणि नव्यानं तयार झालेलं प्लुटोनियमही असतं. ते वेगळं काढायचा कारखाना आपल्या ट्रॉम्बेला १९६४ मध्येच सुरू झाला.

यानंतर तीन शब्द घोड्यांचे. ‘नॅकर्ड’ हा ब्रिटिश बोलीतला. म्हातारे, निकामी घोडे विकत घेऊन मारणाऱ्याला तिथे नॅकर म्हणत. मित्राला व्हॉट्सॲपवर लिहायला ठीक, साहेबांना नको, कारण त्याला एक अश्लील छटाही आहे. ‘जेड’ म्हणजे थकलेलं, हलक्या प्रतीचं घोडं. त्या हिरव्या खड्याशी याचा संबंध नाही. ‘जेडेड’ म्हणजे मन विटलेला. अंगात ताकद आहे, पण कशातच गोडी वाटत नाही. ‘जेडेड’ला ‘विटलेला’ इतका चपखल बसतो की मी वर्गात दुसरा प्रतिशब्द सांगतच नाही. रजेच्या मेलमध्ये तो टाळा, रजेनं ते जात नाही हे वाचणाऱ्यालाही कळतं.

तिसरा ‘हॅकनीड’. हॅकनी म्हणजे कुणालाही भाड्यानं मिळणारा घोडा. येईल त्यानं बसायचं आणि दामटायचं. आमच्या पिढीनं मरीन ड्राइव्हवर व्हिक्टोरिया ओढणारे घोडे पाहिले. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. त्या घोड्यांच्या माना आठवल्या की या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. हा शब्द वाक्प्रयोगांना, कल्पनांना, भाषणांना लागतो, माणसाला नाही. मराठीत आपण ‘चावून चोथा झालेला’ म्हणतो, रसवंतीच्या चरकातून चौथ्यांदा काढलेल्या चिपाडासारखा.

मग ‘हॅकनीड’ की ‘स्टेल’? पुष्कळ लोकांनी वापरून घासलं तर ‘हॅकनीड’. नुसतं पडून राहून ताजेपणा गेला तर ‘स्टेल’, म्हणजे शिळं. गेल्या आठवड्याची बातमी ‘स्टेल’ असते, ती कुणी घासलेली नसते. शिळ्या कढीला ऊत आणणाऱ्या माणसाच्या हातात जे असतं ते ‘स्टेल’. आणि इथे मघाचा प्रश्न पुन्हा विचारून पाहा, भरून येईल का? पाव शिळा होतो तो नुसता वाळून नाही. त्यातल्या स्टार्चची रचना बदलते, आणि फ्रिजमध्ये ती आणखी लवकर बदलते. तोच पाव तव्यावर गरम केला की थोडा वेळ पुन्हा मऊ होतो. म्हणून एखाद्याच्या लेखाला ‘स्टेल’ म्हटलं तर त्याला वाट उरते. ‘हॅकनीड’ म्हटलं तर ते वाक्य टाकूनच द्यायचं.

‘एक्सपायर्ड’शी याची गल्लत करू नका. आपल्याकडे आजोबा एक्सपायर होतात आणि औषधही. भारताबाहेरच्या माणसाला माणसाबद्दल लिहिताना ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’ लिहा. खाण्याच्या पुड्यावर ‘बेस्ट बिफोर’ उलटली तर चव, कुरकुरीतपणा उतरलेला असू शकतो, ‘एक्सपायरी’ उलटली तर खाऊच नये.

बँकेत मात्र शब्द ‘स्टेल’च आहे. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. त्यानंतर नेलेला ‘स्टेल चेक’ बँक परत करते. चेक शिळा होतो, देणं शिळं होत नाही. ज्यानं दिला त्याच्याकडे जाऊन नव्या तारखेचा मागून घ्या.